बिनतारी जाळे : चैन की हक्क?

चंद्रपूर महानगरपालिकेने सार्वजनिक वाय-फाय पुरवावे काय, असे विचारताच ‘आधी पाणी, मग चैन’ हे उत्तर येते. परंतु ही चैन उरलेली नाही. शिधावाटप अंगठ्याच्या यंत्राला बांधले गेले. १ जानेवारी २०२३ पासून रोजगार हमीच्या सार्वजनिक कामांवरील हजेरी मोबाइलवर सक्तीची झाली. जे शासन हक्काला जाळ्याची अट घालते, त्यानेच ते जाळे पुरविले पाहिजे. विरळ वस्तीच्या भामरागड-एटापल्लीत नफा नाही, म्हणून बाजार तेथे आपण होऊन जात नाही. केरळने २०२३ मध्ये स्वतःचे जाळे सुरू करून २० लाख गरीब कुटुंबांना मोफत जोडणी देण्याचे ठरविले. चंद्रपूरनेही द्यावे, मात्र प्रारंभ बाजारपेठेतून नव्हे, कामगार वस्तीतून व्हावा, आणि गडचिरोलीत शेवटच्या ग्रामपंचायतीपासून. ही मागणी कार्यकर्त्यांनी ग्रामसभेत व महापालिकेत रेटली पाहिजे.