इम्प्लांट ठरवण्याआधी बाहेरची भिंत पाहा

२०११ च्या जनगणनेत साठी ओलांडलेल्यांचे प्रमाण केरळखालोखाल गोव्यात होते, ११ टक्क्यांच्या वर. पावसाळ्यात चिऱ्याच्या पायऱ्यांवर शेवाळ धरते आणि चोपडे, मोरजी, मांद्रे भागातली म्हातारी माणसे घरच्या घरात घसरून पडतात. खुब्याचे हाड मोडलेला असा रुग्ण शिवोलीचा पूल ओलांडून म्हापशाला किंवा बांबोळीला पोचतो, तेव्हा आपल्यापुढे प्रश्न असतो: डीएचएस, नेल की बायपोलर? बरेचदा एक्स-रे नीट पाहण्याआधीच उत्तर ठरलेले असते. ज्याचा हात ज्यावर बसला आहे, ते बसवले जाते. ही सवय आपण मोडायला हवी.

अस्थिर इंटरट्रोकँटरिक फ्रॅक्चरमध्ये आधी पाहायची ती ट्रोकँटरची बाहेरची भिंत. ती शाबूत असेल तर डीएचएसचा स्क्रू बेताने सरकतो, तुकडे एकमेकांवर दाबून बसतात. भिंत फुटली की सरकण्याला धरबंध राहत नाही. वरचा तुकडा बाहेर घसरतो, पाय आखूड होतो. एओच्या २०१८ च्या वर्गीकरणात या भिंतीच्या जाडीची सीमा २०.५ मिलिमीटर आहे. उलट्या तिरक्या रेषेच्या ए३ फ्रॅक्चरमध्ये तर धोका उघडच आहे: मेयो क्लिनिकच्या २००१ च्या अभ्यासात सरकता स्क्रू बसवलेल्या १६ खुब्यांपैकी ९ फसले. तिथे नेलच हवा.

पण नेल रामबाण नव्हे. २०२२ च्या कोक्रेन आढाव्यात सगळे प्रकार मिळून मृत्यू आणि हालचाल यांत नेल व प्लेट यांच्यात फारसा फरक दिसला नाही. नेलने जंतुसंसर्ग आणि हाड न जुळणे कमी झाले, मात्र नेलभोवती हाड मोडण्याचा धोका वाढला. म्हणून फ्रॅक्चर टेबलावर जागेवर आणावे, मगच रीमर हातात घ्यावा. व्हॅरस राहिला तर नेल तो दुरुस्त करत नाही. एपी आणि लॅटरल चित्रांत स्क्रूच्या टोकापासून डोक्याच्या शिखरापर्यंतची अंतरे मोजा. मॅग्निफिकेशन वजा जाता बेरीज २५ मिलिमीटरच्या आत हवी. बाउमगार्टनर यांच्या १९९५ च्या अभ्यासात या मर्यादेतल्या १२० स्क्रूंपैकी एकही डोके फोडून बाहेर आला नाही.

बायपोलर अगदी ठिसूळ, चुरा झालेल्या हाडासाठी किंवा फसलेल्या फिक्सेशननंतर राखून ठेवावा. भार लगेच टाकता येतो हे खरे, पण ऑपरेशन मोठे, रक्तस्राव अधिक, ट्रोकँटर तारांनी बांधावा लागतो. मांडी घालून जेवणाऱ्या, उकिडवे बसणाऱ्या माणसाची अख्खी राहणी बदलते. हे घरच्यांना ऑपरेशनआधी स्पष्ट सांगावे.

वेळही उपचारच आहे. भारतासह १७ देशांतल्या, २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या हिप अटॅक चाचणीत लवकर ऑपरेशन केल्याने मृत्यू घटले नाहीत, तरी रुग्णांचे भ्रमिष्ट होणे कमी झाले आणि ते लवकर उभे राहिले. इम्प्लांट मागवण्यात दिवस घालवू नयेत. नेलचा संच आधीच तयार हवा.

दुसऱ्या दिवशी वॉकर धरून पूर्ण भार टाकता येईल, असेच फिक्सेशन करा. आणि घरी पाठवताना ऑस्टिओपोरोसिसचे औषध लिहून द्या. खुब्याच्या फ्रॅक्चरनंतर झोलेड्रॉनिक अ‍ॅसिड दिल्याने नवी फ्रॅक्चर कमी झाली आणि मृत्यूही २८ टक्क्यांनी घटले, हे २००७ पासून ठाऊक आहे. दुसरा खुबा वाचवणे हीसुद्धा अस्थिशल्यचिकित्सकाचीच जबाबदारी आहे.