खेळ स्वस्त, सवड महाग

संगणकावर व्हिडिओ गेम खेळणाऱ्या वर्गात गेल्या दीड दशकात एक चमत्कारिक चिंता बळावलेली दिसते. विकत घेतलेले, परंतु एकदाही न उघडलेले खेळ साचत जातात आणि मग हा 'अनुशेष' कसा भरून काढावा याची वेळापत्रके ही मंडळी आखू लागतात. महाराष्ट्रात अनुशेष हा शब्द १९८४ च्या दांडेकर समितीच्या अहवालापासून सिंचन, रस्ते, शाळा यांच्या तुटीसाठी सर्वांच्या तोंडी बसला. तो अनुशेष उणिवेचा होता. हा विपुलतेचा आहे. रिकामटेकड्यांचा छंद म्हणून त्याकडे दुर्लक्ष करणे सोपे आहे. तथापि, जी वस्तू उपभोगायला वेळच नाही ती माणसे पैसे मोजून का घेतात, आणि घेतल्यावर त्यांच्या पदरात नेमके काय पडते, हे दोन्ही प्रश्न अर्थशास्त्राच्या दृष्टीने क्षुल्लक नाहीत.

या साठ्याचा उगम वितरणाच्या पद्धतीत आहे. अमेरिकेतील व्हॉल्व्ह कंपनीने सप्टेंबर २००३ मध्ये 'स्टीम' ही सेवा सुरू केली. आरंभी ती कंपनीच्या स्वतःच्या खेळांपुरती होती. पुढे इतर कंपन्यांचेही खेळ तेथे विकले जाऊ लागले आणि खोका, तबकडी, फडताळ व दुकानदार हे चारही मध्यस्थ हळूहळू मागे पडले. घरात जागा अडत नसल्यामुळे 'आता पुरे' असे म्हणणारेही कोणी उरले नाही. 'आर्स टेक्निका' या अमेरिकी नियतकालिकाने २०१४ मध्ये नमुना पाहणीवरून काढलेल्या अंदाजाप्रमाणे, स्टीमवरील ग्राहकांच्या खाती जमा असलेल्या खेळांपैकी सुमारे ३७ टक्के खेळ एकदाही सुरू केलेले नव्हते. २०२४ या वर्षात तेथे १८ हजारांहून अधिक नवे खेळ दाखल झाले. परंतु स्टीमनेच प्रसिद्ध केलेल्या आकड्यांनुसार मध्यम ग्राहकाने वर्षभरात खेळले ते अवघे चार, आणि एकूण खेळण्याच्या वेळेपैकी केवळ १५ टक्के वेळ त्या वर्षीच्या नव्या खेळांच्या वाट्याला आला.

विक्रेत्याच्या बाजूने पाहता यात नवल नाही. खेळ एकदा तयार झाला की त्याची आणखी एक प्रत देण्याचा खर्च जवळजवळ शून्य असतो. म्हणून उतावळ्या ग्राहकाकडून पहिल्या महिन्यात पूर्ण किंमत घ्यावी, दम धरणाऱ्याला वर्षाने निम्म्यात द्यावा आणि अगदीच निरिच्छ माणसाला उन्हाळी वा हिवाळी सवलतीत पाचव्या हिश्शात, हा मूल्यभेदाचा जुनाच मार्ग येथे निर्वेधपणे चालतो. 'एपिक' या स्पर्धक कंपनीने तर डिसेंबर २०१८ मध्ये दुकान उघडले तेव्हापासून ठराविक मुदतीने फुकट खेळ वाटण्याचा परिपाठच ठेवला आहे. रिचर्ड थेलर यांनी १९८५ मध्ये दाखवून दिले होते की ग्राहकाला वस्तूपासून मिळणाऱ्या समाधानाखेरीज सौदा साधल्याचेही एक वेगळे समाधान मिळते. साचलेल्या खेळांपैकी पुष्कळसे या दुसऱ्या समाधानासाठीच घेतलेले असतात. त्या अर्थी त्यांचा उपभोग पैसे भरतानाच पुरा झालेला असतो, असे म्हणण्यास हरकत नाही.

खरी टंचाई वेळेची आहे. गॅरी बेकर यांनी १९६५ मध्ये उपभोगातील वेळेचा हिशेब अर्थशास्त्रात रीतसर मांडला आणि स्टाफन लिंडर या स्वीडिश अर्थशास्त्रज्ञाने १९७० मध्ये त्याचा पुढचा निष्कर्ष काढला: वस्तू वाढतात, दिवसाचे तास मात्र तेवढेच राहतात, म्हणून संपन्न समाजातील माणूस अधिकाधिक घाईत सापडतो. 'द विचर ३' या २०१५ मधील गाजलेल्या खेळाचे केवळ मुख्य कथानक पुरे करायला सुमारे ५० तास लागतात. सरासरी २० तासांचे २०० खेळ एखाद्या नोकरदाराकडे साचले आहेत आणि तो आठवड्याला ५ तास काढू शकतो असे धरले, तर एकही नवा खेळ न घेता त्याला १५ वर्षे पुरतील.

अशा स्थितीत नवी खरेदी थांबवण्याचा संकल्प शहाणपणाचाच आहे. परंतु पैसे भरले आहेत म्हणून न आवडणारा खेळही नेटाने संपवायचा, यादीवर खूण करायची आणि पुढच्याला हात घालायचा, हे फुरसतीचे हजेरीपत्रक झाले. आर्क्स व ब्लूमर या संशोधकांनी १९८५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या एका प्रयोगात नाटकांच्या हंगामी तिकिटांवर काही ग्राहकांना न सांगता सवलत दिली होती. पूर्ण किंमत मोजणाऱ्यांनी पहिल्या सहामाहीत अधिक नाटके पाहिली. दुसऱ्या सहामाहीत हा फरक उरला नाही. गेलेल्या पैशाची टोचणी काही काळाने आपोआप बोथट होते, असा याचा अर्थ. दोन तासांत मन न रमलेला खेळ सोडून देण्यात तोटा नाही. तोटा झालाच असेल तर तो खरेदीच्या दिवशी झाला.

यावर एक रास्त आक्षेप आहे. मराठी घरात दिवाळीला चार अंक येतात, दोनच वाचून होतात; राहिलेले उन्हाळ्याच्या सुटीत कामी येतात. मग निवृत्तीनंतरच्या सवडीसाठी खेळ साठवले तर बिघडले कोठे? बिघडते ते मालकीच्या मुद्द्यावर. दिवाळी अंक घरात असतो, शेजारी देता येतो, अगदीच नको झाला तर रद्दीत जातो. स्टीमच्या करारानुसार मात्र खेळ विकला जात नाही. वापराचा परवाना दिला जातो. यूबीसॉफ्ट कंपनीने २०१४ मध्ये विकायला काढलेल्या 'द क्रू' या खेळाचे सर्व्हर ३१ मार्च २०२४ रोजी बंद केले आणि पैसे भरलेल्या सर्वांचाच खेळ निरुपयोगी झाला. स्टीमवर खेळ परत करण्याची मुदतही साधारणपणे खरेदीपासून १४ दिवस, आणि तीही दोन तासांहून कमी खेळले असल्यास. म्हणजे सवलतीत घेऊन साठवून ठेवणारा ग्राहक खेळ चांगला की वाईट हे कळण्यापूर्वीच परतीचा हक्क गमावतो. भविष्यासाठी म्हणून त्याने जे जपले, ते टिकेल याची हमी कोणीच दिलेली नसते.

कॅलिफोर्निया राज्याने २०२४ मध्ये कायदा करून, असा परवाना देताना 'खरेदी' हा शब्द वापरायचा तर त्यामागील वस्तुस्थिती ग्राहकाला स्पष्टपणे सांगण्याचे बंधन घातले. १ जानेवारी २०२५ पासून ते अमलात आहे. युरोपात, विकलेले खेळ कंपनीच्या मर्जीनुसार नष्ट करू नयेत या मागणीच्या निवेदनाने जुलै २०२५ मध्ये दहा लाख स्वाक्षऱ्यांचा टप्पा ओलांडला. भारताचा २०२५ चा ऑनलाइन गेमिंग कायदा मुख्यतः पैसे लावून खेळल्या जाणाऱ्या खेळांना आवर घालण्यासाठी आहे. त्याचा रोख रास्त असला तरी या प्रश्नाशी त्याचा संबंध नाही. संबंध आहे तो ग्राहक संरक्षण कायद्याखालील २०२० च्या ई-कॉमर्स नियमांचा, कारण डिजिटल उत्पादने त्यांच्या कक्षेत स्पष्टपणे घेतलेली आहेत. परवाना कोणत्या परिस्थितीत संपुष्टात येईल आणि सर्व्हर किमान किती वर्षे चालू राहतील, हे किमतीच्या शेजारीच छापण्याची सक्ती या नियमांत समाविष्ट करता येईल. त्यासाठी नवा कायदा करण्याचीही गरज नाही.