शंभर टक्के कोणाचे?

दहावीचा निकाल लागला की आपल्या वसई तालुक्यातील शाळांच्या फाटकांवर फलक चढतात. वर ‘शंभर टक्के निकाल’, खाली गुणवंतांची छायाचित्रे. या फलकांखालून मी तीस वर्षे शिक्षक म्हणून ये-जा केली. काहींचा मजकूरही मीच लिहून दिला. म्हणून पुढील शब्द परक्याने दिलेले दूषण आहे असे कोणी समजू नये.

हे शंभर टक्के नेमके कोणाचे? आठवीच्या हजेरीपटावर होती त्या मुलांचे, की शाळेने आपल्या नावावर परीक्षेला बसू दिले त्यांचे? या दोन आकड्यांमधील दरीला शिक्षकांच्या खोलीत एक नाव आहे : सतरा नंबरचा फॉर्म. नववीत जे मूल निकालाला ‘धोका’ वाटते, त्याच्या आईला कार्यालयात बोलावून मृदू स्वरात सांगितले जाते, “बाहेरून बसवा, त्याच्यावरचा ताण कमी होईल.” ही सोय राज्य मंडळाने शाळा सुटलेल्यांना परीक्षेची वाट पुन्हा खुली व्हावी म्हणून ठेवली आहे. तिचा उपयोग शाळेत असलेल्याला बाहेर काढण्यासाठी व्हावा, यासारखी विटंबना नाही. २००९च्या शिक्षणहक्क कायद्याचे छत्र चौदाव्या वर्षी, आठवीपाशी, मिटते; आणि गळती नेमकी तेथूनच सुरू होते.

माझ्या वर्गात एक मुलगा होता. वडील लादी बसवणारे कारागीर, घरची बोली भोजपुरी. खोलीची लांबी-रुंदी सांगितली की किती लाद्या लागतील हे तो तोंडी सांगे. पण क्षेत्रफळाचे शाब्दिक उदाहरण फळ्यावर आले की मान खाली घाले. एकदा मी तेच उदाहरण हिंदीतून वाचून दाखवले. वही पूर्ण करून तो माझ्या टेबलापाशी आला तेव्हा बाकीचा वर्ग अर्ध्यावरच होता. त्याला गणित येत नव्हते असे नाही, मराठी वाक्य उलगडत नव्हते. तरी त्याच वर्षी त्याचे नाव सतरा नंबरच्या यादीत गेले. वर्गशिक्षक म्हणून त्या यादीखाली सही माझी होती.

आपल्या समाजाला हे दुःख अपरिचित आहे काय? घरी सामवेदी किंवा वाडवळी बोलणाऱ्या आपल्या वडीलधाऱ्यांना शाळेत ‘गावठी’ म्हणून हसले गेले, त्या आठवणी अजून ओसरीवर निघतात. आज आपली मुले बहुतांशी इंग्रजी माध्यमात गेली आणि मराठी तुकड्यांचे बाक वारली पाड्यांवरच्या व उत्तरेकडून आलेल्या कष्टकऱ्यांच्या मुलांनी भरले. जे हसणे आपण सोसले, तेच आता आपल्या संस्थांच्या आवारात इतरांच्या वाट्याला येत आहे.

बहुसंस्कृती आमच्याकडे दिसते ती स्नेहसंमेलनात. तारप्याच्या तालावर नाच होतो, टाळ्या पडतात. पण फेर धरणाऱ्यांत कित्येकदा वारली मूल एकही नसते. ते ‘ड’ तुकडीत मागच्या बाकावर असते. हुशारांची ‘अ’ आणि उरलेल्यांची ‘ड’, ही वाटणी गुणांवर केली असे आपण म्हणतो. प्रत्यक्षात ती पुष्कळशी घरच्या भाषेवर आणि शिकवणीच्या ऐपतीवर होते. मुलांच्या मनःस्वास्थ्यासाठी वर्षातून एकदा समुपदेशकाचे व्याख्यान ठेवायचे आणि वर्षभर मुलाला त्याची पायरी दाखवत राहायचे, याला काय म्हणावे?

२०२४ मध्ये भारतीय कॅथलिक बिशप परिषदेने आपल्या शाळांना मार्गदर्शक सूचना दिल्या : सर्व धर्मांचा आदर राखावा, आपल्या धार्मिक परंपरा इतर धर्मीय मुलांवर लादू नयेत, सकाळच्या परिपाठात संविधानाची उद्देशिका म्हणावी. उत्तम. मात्र सकाळी संधीच्या समानतेचा उच्चार आणि दुपारी सतरा नंबरची यादी, हे एकाच आवारात शोभत नाही.

“घरी अभ्यास नाही, भाषा वेगळी, शाळा किती पुरे पडणार?” हा आक्षेप मला ठाऊक आहे; मी स्वतः तो वर्षानुवर्षे घेतला. लंडनचा टॉवर हॅम्लेट्स हा गरीब भाग पाहा. बांगलादेशातून आलेल्या, घरी सिल्हेटी बोलणाऱ्या कुटुंबांची तेथे मोठी वस्ती. नव्वदच्या दशकात हा भाग इंग्लंडच्या शालान्त निकालांत तळाशी होता. २००३ ते २०११ या काळात ‘लंडन चॅलेंज’ या योजनेखाली शहरातील दुबळ्या माध्यमिक शाळांना अनुभवी सल्लागार व सबळ शाळांची जोड मिळाली. टॉवर हॅम्लेट्सच्या स्थानिक प्रशासनानेही आपल्या शाळांची पाठ सोडली नाही. पुढे तेथील निकाल राष्ट्रीय सरासरीच्या वर गेले. श्रेय कोणाचे किती यावर तज्ज्ञांचे वाद आहेत. पण वस्ती तीच होती, घरची बोलीही तीच.

आपल्याकडे यासाठी परदेशी योजना नको. आठवीच्या जूनमध्ये प्रत्येक मुलाला समोर बसवून एक उतारा वाचून घ्यावा आणि जे अडखळेल त्याला रोज एक तास वाचनासाठी द्यावा. तुकड्या मिसळाव्यात. पालकसभा रविवारी घ्यावी, मजुरी बुडत नाही अशा वेळी, आणि ती मराठीइतकीच हिंदीतूनही चालावी. निकालाच्या फलकावर टक्केवारीशेजारी त्याच मुलांच्या आठवीतील पटाचा आकडा लिहावा, आणि नावे का कमी झाली हेही.

शाळा हे करीत नसेल तर पालकांनी सभेत उठून हे आकडे मागावेत. उत्तर मिळाले नाही, तर जुने हजेरीपट मागावेत. ते कार्यालयाच्या कपाटात असतात. मी स्वतः तेथे ठेवले आहेत.