‘टेन्शन’चा आजार आणि सर्पगंधेचे मूळ

उच्च रक्तदाबाला शहापूर-मुरबाडकडे सर्रास ‘टेन्शनचा आजार’ म्हटले जाते. हा घोटाळा ‘हायपरटेन्शन’ या इंग्रजी शब्दाने केला आहे. त्यातील ताण धमनीतला आहे, मनावरचा नव्हे. पण लोकांनी तो आपल्या सोयीने घेतला आणि त्यावरून दोन निष्कर्ष काढले. ज्याला चिंता नाही त्याला हा आजार नाही, हा पहिला. चिंता मिटली की गोळी बंद करावी, हा दुसरा. दोन्ही घातक आहेत. आसनगावहून पहाटेची लोकल गाठणारा कारकून स्वतःला चिंताग्रस्त समजतो, म्हणून निदान तपासणी तरी करून घेतो. वीटभट्टीवर राबणारा कातकरी मजूर मात्र ‘आम्हाला कसलं आलंय टेन्शन?’ असे म्हणून दंडाला पट्टीही बांधू देत नाही.

मेंदूचा या विकाराशी संबंध नाही असे मुळीच नाही. मानेतील आणि हृदयालगतच्या मोठ्या धमन्यांच्या भिंतींत दाब जोखणारी चेतातंतूंची टोके असतात. ती मेंदूच्या तळाशी असलेल्या लंबमज्जेला क्षणोक्षणी वर्दी देतात, आणि तेथून अनुकंपी चेतासंस्थेमार्फत हुकूम सुटतात. हे हुकूम पोहोचविणारे मुख्य रसायन म्हणजे नॉरॲड्रिनलिन. स्वीडनच्या उल्फ फॉन ऑयलर यांनी १९४६ मध्ये ते ओळखले. ते स्रवले की हृदयाची गती वाढते, लहान धमन्या आकसतात, मूत्रपिंडे मीठ व पाणी धरून ठेवतात. संकटकाळी ही व्यवस्था प्राण वाचविते. परंतु पुष्कळ रुग्णांत हुकुमांची ही वर्दळ कायमचीच वाढलेली आढळते. शिवाय धमन्यांतील पहारेकरी काही काळाने चढलेल्या दाबालाच नेहमीचा दाब मानू लागतात. मग तक्रार करणार कोण? रुग्णाला काहीच जाणवत नाही. आनुवंशिकता, स्थूलता आणि पावसाळ्यात घरोघरी शिजणाऱ्या खाऱ्या सुक्या मासळीतले मीठ यांचाही यात वाटा असतो. सारा दोष मेंदूच्या माथी मारणे शास्त्राला धरून होणार नाही.

या रसायनांचे कोडे उलगडण्यात आपल्या मातीचा भाग मोठा आहे. सर्पगंधा हे झुडूप पश्चिम घाटाच्या ओलसर जंगलांत वाढते. त्याच्या मुळाचा रक्तदाबावरील गुण कलकत्त्याचे गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी १९३१ मध्ये मांडला. तो जगाच्या वैद्यकापुढे नेला तो मुंबईच्या डॉ. रुस्तम जाल वकील यांनी. के. ई. एम. रुग्णालयातील या डॉक्टरांचा निबंध १९४९ मध्ये ब्रिटनच्या हृदयरोगविषयक नियतकालिकात प्रसिद्ध झाला. १९५२ मध्ये स्वित्झर्लंडच्या सीबा कंपनीने मुळातील रेसर्पिन हे द्रव्य वेगळे केले. १९५७ मध्ये वकिलांना अमेरिकेचा लास्कर पुरस्कार मिळाला. रेसर्पिन दाब उतरविते, पण कसे? ते चेतातंतूंच्या टोकांशी असलेला रासायनिक निरोप्यांचा साठाच रिकामा करते. त्याच कारणाने काही रुग्ण सुस्त, उदास होऊ लागले. अर्विद कार्लसन यांनी रेसर्पिनने निश्चल झालेल्या सशांवर प्रयोग करून डोपामिनचे कार्य दाखविले आणि २००० साली त्यांना नोबेल मिळाले. एका मुळाने मन आणि रक्त यांच्यातला धागा असा दाखवून दिला. झाडपाल्याची औषधे निरुपद्रवी असतात, असे समजून मुळाची पूड स्वतःच्या अंदाजाने घेणाऱ्यांनी ही उदासीनतेची बाजू विसरू नये. मोजून दिलेल्या मात्रेतही ती दिसली होती.

मुळाचे पुढे काय झाले? परदेशी मागणी वाढली आणि देशातील जंगले खणली गेली. १९९० मध्ये सर्पगंधेच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर नियंत्रण आणावे लागले. मूळ खणले की झाडच संपते. शहापूरच्या कातकरी तरुणांनी अलीकडे गुळवेल गोळा करून मोठ्या औषध कंपन्यांना विकली, ती वेल निदान छाटल्यावर पुन्हा फुटते. तानसा-भातसाचे पाणी मुंबईला आणि उन्हाळ्यात धरणाच्या तालुक्यातल्या पाड्यांना टँकर, हा हिशेब ज्याने पाहिला आहे, त्याला सर्पगंधेच्या हिशेबाचे नवल वाटणार नाही. मूळ जंगलातून गेले, गोळी होऊन आले, पण पाड्यावर पोहोचले नाही.

आज रेसर्पिन मागे पडले आहे. त्याहून सोसण्याजोगी, स्वस्त औषधे आहेत. १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत उपचारही निःशुल्क झाले. परंतु अर्थशास्त्रात फुकट वस्तूचीही किंमत असते. महिन्याच्या गोळ्यांसाठी माळशेजच्या पायथ्याच्या वाडीवरून आरोग्य केंद्रात यायचे म्हणजे एक दिवसाची मजुरी आणि गाडीभाडे. ज्या आजाराचे काहीच दुखत नाही, त्यासाठी हा खर्च दरमहा कोण करील? २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातील प्रौढांपैकी सुमारे चोवीस टक्के पुरुष व एकवीस टक्के स्त्रिया उच्च रक्तदाबाच्या आढळल्या. हा श्रीमंतांचा रोग राहिलेला नाही. पक्षाघाताने कमावता हात लुळा पडला की कुटुंबाची सारी बचत संपते आणि पोराची शाळा सुटते. हा खर्च सरकारच्या अंदाजपत्रकात कोठेही दिसत नाही.

उपाय अवघड नाहीत. २०१७ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय रक्तदाब नियंत्रण उपक्रमात महाराष्ट्र आरंभापासून होता. ठरावीक औषधे, अखंड पुरवठा आणि रुग्णाची नोंद ठेवून पाठपुरावा, हे त्याचे साधे सूत्र आहे. आपल्या तालुक्यांत त्याला एक जोड हवी. दिवाळीनंतर भट्टीवर स्थलांतर करणाऱ्या रुग्णांना निघण्यापूर्वीच तीन महिन्यांच्या गोळ्या आणि दाबाची नोंद असलेले कार्ड द्यावे, म्हणजे जेथे जातील तेथील केंद्रात पुढचे औषध मिळेल. आशाताईंच्या पिशवीत दाब मोजण्याचे यंत्र असावे, ते अधूनमधून तपासून घेतले जावे. राष्ट्रीय सेवा योजनेची शिबिरे आमची महाविद्यालये दरवर्षी घेतातच. रस्ते झाडण्याच्या जोडीला विद्यार्थ्यांनी तीस वर्षांवरील प्रत्येकाचा दाब मोजून यादी आरोग्य केंद्रात द्यावी. एका मोजणीवर निदान होत नाही. १४०/९० किंवा त्याहून अधिक आकडा आलेल्यांची मोजणी वेगळ्या दिवशी पुन्हा करावी लागते, आणि ती करायला कोणी पाड्यावर परत जाणार आहे की नाही, हे शिबिराच्या अर्जातच लिहून घ्यावे.