नावेचे नाव

मराठीत ‘नाव’ हा शब्द होडीलाही लावतात आणि नामालाही. आणि ‘नावे ठेवणे’ म्हणजे दोष काढणे. या तिन्ही अर्थांचा एकत्र प्रत्यय यावा अशी घटना २०१६ साली ब्रिटनमध्ये घडली. तेथील ‘नॅचरल एन्व्हायर्न्मेंट रिसर्च कौन्सिल’ या सरकारी निधीवर चालणाऱ्या संस्थेने ध्रुवप्रदेशातील संशोधनासाठी सुमारे २० कोटी पौंड खर्चाचे जहाज बांधावयास घेतले होते. त्याला नाव सुचविण्याचे व सुचविलेल्या नावांना मते देण्याचे आवाहन तिने जनतेला केले. ‘शॅकल्टन’, ‘एन्डेव्हर’ अशी भारदस्त नावे चालकांच्या मनात होती. जनतेने कौल दिला तो ‘बोटी मॅकबोटफेस’ या नावाला! स्कॉटिश आडनावाच्या थाटातील या नावाचे मराठी रूप करावयाचे तर ते ‘बोटकुबाई बोटमुखे’ असे काहीसे होईल. या नावाला १,२४,१०९ मते पडली. दुसऱ्या क्रमांकाच्या नावाला त्याच्या एक तृतीयांशही मते नव्हती.

मे २०१६ मध्ये निर्णय जाहीर झाला. जहाजाला विख्यात निसर्गअभ्यासक सर डेव्हिड ॲटनबरो यांचे नाव देण्यात आले. त्यांना त्याच महिन्यात नव्वद वर्षे पूर्ण होत होती. मतमोजणीत हे नाव बरेच मागे होते. जनतेचा रोष होऊ नये म्हणून ‘बोटी मॅकबोटफेस’ हे नाव जहाजावरून सोडल्या जाणाऱ्या एका स्वयंचलित पाणबुडीला देण्यात आले. तेथील संसदेच्या विज्ञानविषयक समितीनेही या प्रकरणाची दखल घेऊन संस्थेच्या प्रमुखांना प्रश्न विचारले.

या निर्णयावर दोन तऱ्हेच्या प्रतिक्रिया उमटल्या. लोकांच्या हाती काही सोपविले की ते त्याची अशी थट्टा करतात, हा एका पक्षाचा निष्कर्ष होता. लोकांचा कौल मानावयाचाच नव्हता तर तो मागितला कशासाठी, हा दुसऱ्या पक्षाचा सवाल होता. पहिला निष्कर्ष सोयीचा असला तरी खरा नाही. ज्यांनी या विनोदी नावाला मत दिले त्यांनी कोणाचे नुकसान केले नव्हते की कोणाची निंदा केली नव्हती. सरकारी कामाच्या गंभीर मुद्रेला त्यांनी थोडे हसविले, इतकेच. शिवाय अंतिम निर्णय संस्थेच्या प्रमुखांचा राहील असे नियमांत लिहिलेलेच होते. कायद्याच्या दृष्टीने कोणाची फसवणूक झाली नाही. तथापि आवाहन करताना ‘जहाजाचे नाव तुम्ही ठरवा’ असा सूर लावावयाचा आणि ‘निर्णय आमचा’ हे नियमांच्या तळाशी ठेवावयाचे, यात जो अंतराय आहे तो लोकांच्या नजरेतून सुटत नाही. केवळ सूचना हव्या होत्या तर तसे स्पष्ट सांगावयास हवे होते. सूचना देणाऱ्याला आपण सल्ला देत आहोत हे ठाऊक असते. मत देणाऱ्याची समजूत वेगळी असते.

याच विनोदाची दुसरी आवृत्ती ऑस्ट्रेलियात निघाली आणि ती अधिक उद्बोधक ठरली. सिडनीच्या बंदरात चालणाऱ्या सहा नव्या फेरीबोटींसाठी लोकांकडून नावे मागविण्यात आली होती. नेत्रवैद्य फ्रेड हॉलोज, हृदयशल्यविशारद व्हिक्टर चँग, मूळ रहिवाशांचे पुढारी बंगारी व पेमुलवुई अशा व्यक्तींची नावे इतर बोटींना मिळाली. नोव्हेंबर २०१७ मध्ये सहाव्या बोटीचे नाव ‘फेरी मॅकफेरीफेस’ असल्याचे जाहीर झाले आणि ही लोकांचीच पसंती असल्याचे परिवहनमंत्र्यांनी सांगितले. पुढे सरकारी कागदपत्रे बाहेर आली तेव्हा या नावाला फारच थोडी मते पडल्याचे आणि ते खुद्द मंत्र्यांनीच निवडल्याचे उघड झाले. अखेर २०१८ साली बोटीला बालसाहित्यलेखिका मे गिब्ज यांचे नाव देण्यात आले. ब्रिटनमध्ये लोकांचा विनोद सरकारला पेलला नाही. सिडनीत सरकारने आपला विनोद लोकांच्या नावावर खपविला. दोहोंत दुसरा प्रकार अधिक गर्हणीय म्हटला पाहिजे. पहिल्यात कौल बाजूला ठेवला गेला तरी तो काय होता हे सर्वांना ठाऊक होते. दुसऱ्यात कौलच खोटा सांगितला गेला.

मग नौकेला विनोदी नाव देऊच नये काय? खासगी नौकांच्या मालकांनी हा प्रश्न कधीच निकालात काढला आहे. इंग्रजीभाषक देशांतील हौशी नाविक शब्दांच्या कसरती करण्यात मोठे पटाईत आहेत. ‘नॉट वर्किंग’ हे त्यांच्या आवडीच्या नावांपैकी एक. दोरीची गाठ आणि नकार या दोन्ही अर्थांच्या शब्दांचा इंग्रजीत उच्चार एकच असल्यामुळे, दोरखंडात रमलेला मालक सध्या कामावर नाही, असा दुहेरी अर्थ त्यातून निघतो. धक्क्यावर उभ्या असलेल्या माणसाला त्याची गंमत वाटते. पण नौकेच्या नावाचा खरा उपयोग धक्क्यावर नसतो. समुद्रात संकट ओढवले की बिनतारी यंत्रावरून ‘मेडे’ हा शब्द तीनदा उच्चारावयाचा आणि पाठोपाठ नौकेचे नाव तीनदा सांगावयाचे, असा संकेत आहे. वादळाच्या घोंगावण्यात ‘नॉट वर्किंग, नॉट वर्किंग, नॉट वर्किंग’ असे कानी पडले तर ऐकणाऱ्याने ते नौकेचे नाव समजावे की यंत्र बिघडल्याची तक्रार? अमेरिकेत संघराज्याच्या दप्तरी नोंदल्या जाणाऱ्या नौकांसाठी म्हणूनच नियम आहेत. नाव ३३ अक्षरांहून मोठे नसावे, मदतीच्या हाकेच्या शब्दांशी त्याचे उच्चारसाम्य नसावे आणि ते अश्लील वा कोणत्याही वंशाची अवहेलना करणारे नसावे. या चौकटीत राहून ज्याला जितके हसावयाचे असेल तितके त्याने हसावे. आपल्या पैशाने घेतलेल्या आणि आपणच वल्हविणाऱ्या नौकेला काय म्हणावे, हा ज्याचा त्याचा प्रश्न आहे.

सार्वजनिक नौकेची गोष्ट निराळी. तेथे नाव ठेवणारा एक, खर्च सोसणारा दुसरा आणि त्या नावाखाली दिवसाचे आठ-दहा तास काम करणारा तिसरा असतो. सिडनीत ‘फेरी मॅकफेरीफेस’ला नाविकांच्या कामगार संघटनेने आक्षेप घेतला, यात नवल नाही. इतरांना एकदा हसविणाऱ्या थट्टेची पाटी त्यांना रोज वागवावी लागणार होती. नावाच्या स्पर्धा भरविताना या तिसऱ्या माणसाला कोणी विचारीत नाही.

कोकणच्या किनाऱ्यावर मात्र प्रथम विचार होतो तो याच माणसाचा. तेथील मच्छीमार आपल्या नौकेला कुलदेवतेचे, आईचे किंवा लेकीचे नाव देतो. त्यात चमत्कृती नसते; पण समुद्रात गेलेल्या माणसाची वाट पाहणाऱ्या घराला ते नाव आपलेसे वाटते. अर्थात नाव मंगल असल्याने नौका तरते असे नाही. संतांची नावे घेऊन या किनाऱ्यावर धावणाऱ्या आगबोटींपैकी ‘तुकाराम’ ११ नोव्हेंबर १९२७ रोजी बुडाली आणि ‘रामदास’ १७ जुलै १९४७ रोजी मुंबईहून रेवसला जाताना सहाशेहून अधिक उतारूंसह समुद्रात गेली. त्यानंतर कोकणातल्या कित्येक घरांत ‘रामदास’ या शब्दाने संताच्या आधी त्या बोटीची आठवण होऊ लागली. उलट ‘बोटी मॅकबोटफेस’ पाणबुडीने २०१७ साली दक्षिण महासागरातील ऑर्कनी पॅसेजमध्ये खोल उतरून समुद्रतळाजवळच्या थंड प्रवाहांची मोजमापे आणली. तिच्या कामावर आधारलेले निष्कर्ष २०१९ साली प्रसिद्ध झाले आणि थट्टेतून जन्मलेले नाव शास्त्रज्ञांच्या लेखनात गांभीर्याने येऊ लागले. नावाला अर्थ येतो तो नौकेच्या कर्तृत्वाने किंवा तिच्या दुर्दैवाने. बारशाच्या दिवशी तो ठरत नाही.

म्हणूनच विनोदी नावाची भीती बाळगण्याचे कारण नाही. चिंता करावयाची ती विचारण्याच्या पद्धतीची. ‘हरकती व सूचना मागविण्यात येत आहेत’ हे वाक्य आपल्याकडेही शेकडो अधिसूचनांच्या शेवटी छापलेले असते. किती हरकती आल्या, कोणत्या मान्य झाल्या आणि अमान्य झालेल्यांची कारणे काय, हे बहुतेकदा सूचना पाठविणाऱ्याला कळत नाही. जहाजाच्या नावावरून झालेली फजिती हसण्यावारी गेली. रस्ता, धरण वा शाळा यांविषयी लोकांना विचारून त्यांचे उत्तर असेच बासनात पडले तर पुढच्या वेळी विचारूनही कोणी उत्तर देणार नाही. ज्याला कौल मानावयाचा नाही त्याने तो मागू नये. मागून तो नाकारावयाचा असेल तर कारणे त्याच ठिकाणी आणि तितक्याच ठळक अक्षरांत द्यावीत. तेवढा प्रामाणिकपणा शासनाने दाखविला तर एखाद्या नावेचे नाव ‘बोटकुबाई’ राहिले तरी कोणाचे काही बिघडणार नाही.