फोनमधल्या छायाचित्रांचा परस्पर प्रवास
विशेष प्रतिनिधी

दवाखान्यातून बाहेर पडताना वडिलांच्या तपासणी अहवालाचा फोटो मोबाइलवर काढून ठेवावा आणि घरी पोहोचेपर्यंत तोच फोटो दिवाणखान्यातल्या टॅबवर, गणिताचा व्हिडिओ पाहत बसलेल्या मुलाच्या बोटाखाली यावा, हा अनुभव आता अनेक घरांना नवा राहिलेला नाही. तो फोटो कोणी पाठवलेला नसतो, कोणी मागितलेलाही नसतो. आजाराची बातमी घरात कधी आणि कशी सांगायची हे ठरण्याआधीच ती सांगितली गेलेली असते.

फोन आणि टॅब यांच्यात आपोआप होणाऱ्या या देवाणघेवाणीला 'सिंक' म्हणतात. ते थांबवायचे कसे, हा प्रश्न आजवर मोबाइलच्या दुकानात किंवा कॉलेजात जाणाऱ्या भाच्याकडे सोडवला जात असे. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा ऑगस्ट २०२३ मध्ये झाला आणि त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले. त्यामुळे या घरगुती वाटणाऱ्या प्रश्नाला आता कायद्याची बाजूही आली आहे. संमती देणे जितके सोपे, तितकेच ती मागे घेणे सोपे असले पाहिजे, असे हा कायदा सहाव्या कलमात सांगतो. छायाचित्रांच्या बाबतीत आजची परिस्थिती या कसोटीपासून बरीच दूर आहे.

मुळात एक गैरसमज दूर करायला हवा. फोन आणि टॅब ही दोन यंत्रे एकमेकांना जोडलेली आहेत म्हणून फोटो इकडून तिकडे जातात, असे बहुतेकांना वाटते. ब्लूटूथ बंद करून पाहणारे, वाय-फाय तोडून पाहणारे अनेक भेटतात. प्रत्यक्षात यंत्रांचा एकमेकांशी थेट संबंध नसतो. दोन्हींवर एकच खाते उघडलेले असते आणि फोटो त्या खात्यात, म्हणजे कंपनीच्या दूरच्या संगणकांवर, जाऊन बसतात. एकाच बँक खात्याची दोन चेकबुके असावीत, तशातला हा प्रकार. शिल्लक एकच, कोणत्याही चेकने पैसे काढले तरी ती दोघांसाठी कमी होते.

ही व्यवस्था एका दिवसात आलेली नाही. 'अ‍ॅपल'ने २०११ मध्ये 'फोटो स्ट्रीम' आणले तेव्हा त्यात अलीकडची एक हजार छायाचित्रे तीस दिवसांपुरती इतर उपकरणांवर दिसत आणि मूळ फोटो ज्या फोनवर काढला तेथे स्वतंत्र राहत असे. ही जुनी सोय जुलै २०२३ मध्ये बंद झाली. तिच्या जागी आलेल्या 'आयक्लाउड फोटोज'मध्ये संपूर्ण संग्रह एकच असतो. 'गूगल फोटोज' मे २०१५ मध्ये सुरू झाले आणि 'अँड्रॉइड' फोनवर त्याचा प्रसार झपाट्याने झाला. नोव्हेंबर २०२० मध्ये गूगलनेच दिलेल्या आकडेवारीनुसार तेव्हा त्यात चार लाख कोटींहून अधिक छायाचित्रे साठलेली होती आणि दर आठवड्याला २८०० कोटी नव्या छायाचित्रांची व चित्रफितींची भर पडत होती.

या सोयीचे मोल नाकारण्याचे कारण नाही. २६ जुलै २००५ च्या पुरात मुंबईत आणि ऑगस्ट २०१९ मध्ये सांगली-कोल्हापुरात ज्यांच्या घरात पाणी शिरले, त्यांना लग्नाच्या अल्बमचे काय होते ते ठाऊक आहे. लोकलच्या गर्दीत फोन गेला तरी मुलाच्या पहिल्या पावलाचा फोटो वाचतो, तो या बॅकअपमुळेच. पण फोटो सुरक्षित ठेवणे वेगळे आणि तो घरातल्या प्रत्येक पडद्यावर दाखवणे वेगळे. ही दोन कामे कंपन्यांनी एकाच बटणात गुंफली आहेत आणि खरी गफलत तेथेच होते.

थांबवताना होणारा घोळ

टॅबवर नको असलेला फोटो दिसला की माणूस स्वाभाविकपणे तो टॅबवरून पुसतो. आयपॅडवर सिंक चालू असताना असे केले तर तो फोटो आयफोनवरूनही जातो. तीस दिवस तो 'रिसेंटली डिलीटेड'मध्ये सापडतो, त्यानंतर नाही. टॅबवर जागा कमी पडते म्हणून एका सुटीत बसून दोन हजार फोटो उडवणारे आणि महिन्याभराने फोन उघडून हताश होणारे लोक आहेत. त्यांचे चुकले काय, तर पडद्यावर जे दिसते ती टॅबवरची वेगळी प्रत आहे, असे त्यांनी मानले.

योग्य रस्ता असा की, आयपॅडच्या सेटिंग्जमध्ये सर्वांत वर दिसणाऱ्या आपल्या नावावर जावे, तेथून 'आयक्लाउड', मग 'फोटोज' आणि तेथे या आयपॅडपुरते सिंक बंद करावे. फोनवरचे आणि आयक्लाउडमधले फोटो जागेवर राहतात. हेच काम फोनवर करायचे असेल तर मात्र सावधगिरी हवी. 'ऑप्टिमाइझ स्टोरेज' चालू असेल तर फोनमध्ये बहुतेक छायाचित्रांच्या केवळ लहान प्रती असतात. पूर्ण आकाराचे मूळ फोटो आयक्लाउडमध्ये असतात. सिंक बंद करताना फोटो उतरवून घ्यायचे की फोनवरून काढून टाकायचे, असा प्रश्न पडद्यावर येतो. घाईत दुसरा पर्याय दाबला की गॅलरी जवळजवळ रिकामी होते. आयक्लाउडमध्ये फोटो असतात, पण त्या क्षणी हे सांगायला जवळ कोणी नसते. साठवणुकीच्या पानावर आणखी एक 'बंद करा आणि पुसा' अशा अर्थाचा पर्याय आहे. तो खात्यातला संग्रहच पुसण्यासाठी आहे आणि त्यानंतर विचार बदलायला तीस दिवस मिळतात. एकाच शब्दाने ओळखल्या जाणाऱ्या या दोन क्रियांचे परिणाम इतके वेगळे असावेत, हे आश्चर्यच म्हणायचे.

जाता जाता एक गोष्ट. आयफोनवर व्हॉट्सअ‍ॅपचे फोटो आपोआप गॅलरीत जतन होण्याची सोय चालू असेल, तर नातेवाइकांच्या गटावरील 'शुभ सकाळ'ची फुलेही याच मार्गाने टॅबवर येतात. ती व्हॉट्सअ‍ॅपच्या सेटिंग्जमध्ये वेगळी बंद करावी लागते.

गूगलच्या बाबतीत घोळ निराळा आहे. टॅबवर बॅकअप बंद केला तरी फोनचे फोटो टॅबवर दिसतच राहतात, कारण त्या बटणाने फक्त टॅबमधले फोटो खात्यात जाणे थांबते. खात्यातले फोटो टॅबवर दिसणे थांबत नाही. फोनवर बॅकअप बंद केला तर नवे फोटो जाणे थांबते, जुने खात्यात राहतात आणि अर्थातच टॅबवरही. ते काढायला जावे तर फोनमधली प्रतही जाण्याचा धोका. फोनवरच्या प्रती राखून त्या फोनचा बॅकअप खात्यातून मागे घेण्याची सोय गूगलने २०२५ मध्ये देण्यास सुरुवात केली. फोटो वर चढवण्याची सोय २०१५ ची, ते परत खाली आणण्याची सोय दहा वर्षांनंतरची. 'तितकेच सोपे' या शब्दांचा कायद्याला अभिप्रेत अर्थ यात बसतो का, हा प्रश्न विचारला जाणारच.

याच सेवेच्या पहिल्या उन्हाळ्यात, जुलै २०१५ मध्ये, अमेरिकेत एका पत्रकाराच्या असे लक्षात आले होते की 'गूगल फोटोज'चे अ‍ॅप फोनवरून काढून टाकल्यानंतरही फोटो वर चढतच राहिले. बॅकअपचे बटण अ‍ॅपमध्ये नव्हे, तर फोनमधल्या गूगलच्या सेवांच्या सेटिंग्जमध्ये चालू राहिले होते. व्यवस्था ठरल्याप्रमाणेच चालली आहे, असे कंपनीचे म्हणणे होते. ते खरेही होते. फक्त कोणाच्या ठरल्याप्रमाणे, एवढाच मुद्दा होता.

टॅब घराचा, खाते एकाचे

आपल्याकडे या प्रश्नाला धार येते ती टॅबच्या वापरामुळे. मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्या आणि अनेक घरांत टॅब आला तो मुलाच्या ऑनलाइन वर्गासाठी. घाईत त्यावर आईचे किंवा वडिलांचे खाते उघडले गेले. वर्ग संपले, टॅब राहिला आणि खातेही तेच राहिले. आज त्यावर मूल खेळते, आजी कीर्तन ऐकते, पाहुणे आले की त्यांच्या हातात तो दिला जातो. फोन मात्र दरम्यानच्या काळात घराचे कपाट झाला आहे. आधार कार्ड, पॅन, सात-बारा, पासबुकाचे पान, डॉक्टरांची चिठ्ठी, सोसायटीची नोटीस, सगळे फोटो काढून ठेवलेले. अनेक छायाचित्रांत ती कोठे काढली याची स्थाननोंदही असते. हे कपाट टॅबवर सताड उघडे राहते.

टॅब ही एका माणसाची वस्तू आहे, असे गृहीत आयपॅडच्या रचनेत आजही आहे. शाळांसाठी 'शेअर्ड आयपॅड'ची सोय २०१६ पासून असली, तरी घरगुती वापरात एका आयपॅडवर कुटुंबातील चौघांची चार स्वतंत्र खोकी करता येत नाहीत. अँड्रॉइडने टॅबवर अनेक वापरकर्त्यांची सोय २०१२ मध्येच दिली, पण ती किती घरांत वापरली जाते, हे आपापल्या घरात डोकावून पाहावे.

पती-पत्नीत बेबनाव झालेल्या घरात तर हा प्रश्न सोयीचा राहतच नाही. ती माहेरी निघून आली, फोन सोबत आणला, टॅब सासरी राहिला. तिने काढलेला वकिलाच्या कागदाचा, मारहाणीच्या वळांचा, नव्या खोलीच्या भाडेकराराचा प्रत्येक फोटो तिकडे दिसू शकतो आणि तिला याची कल्पनाही नसते. ही शक्यता काल्पनिक नाही, हे कंपन्यांनाही मान्य असावे. 'अ‍ॅपल'ने २०२२ मध्ये आयओएस १६ सोबत 'सेफ्टी चेक' ही सोय आणली, ती जोडीदाराच्या जाचातून बाहेर पडणाऱ्यांना कोणाला काय दिसते ते तपासता यावे आणि एकदम तोडता यावे यासाठीच.

कायदा अशा वेळी थोडा आखडता हात घेतो. माहिती तंत्रज्ञान कायद्याचे ६६ई कलम खासगी अवयवांचे छायाचित्र जाणूनबुजून काढणे, प्रसिद्ध करणे वा पाठवणे यासाठी तीन वर्षांपर्यंत शिक्षा सांगते. खात्याने आपोआप टॅबवर नेलेला भाडेकरार त्यात बसत नाही. नवा डेटा संरक्षण कायदा व्यक्तीने वैयक्तिक वा घरगुती कारणासाठी केलेल्या वापराला लागूच होत नाही. म्हणजे टॅबवर फोटो पाहणाऱ्या कुटुंबीयावर त्याचा रोख नाही. रोख आहे तो फोटो साठवणाऱ्या कंपनीवर. खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचे सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी ऑगस्ट २०१७ मध्ये एकमताने सांगितले. पण तो हक्क घरातल्या दिवाणखान्यात कसा बजावायचा, हे अखेर एका सेटिंगच्या पानावर अवलंबून राहिले आहे.

बटण चालू राहिल्याची किंमत किती मोठी असू शकते, याचे सॅन फ्रान्सिस्कोमधील उदाहरण 'न्यूयॉर्क टाइम्स'ने ऑगस्ट २०२२ मध्ये समोर आणले. फेब्रुवारी २०२१ मध्ये एका वडिलांनी लहान मुलाच्या जांघेतल्या सुजेचे फोटो डॉक्टरांना दाखवण्यासाठी काढले. फोटो आपोआप गूगलच्या खात्यात गेले, यंत्रणेने ते बाललैंगिक शोषणाचे ठरवले आणि खाते बंद झाले. पोलिसांनी चौकशी करून गुन्हा घडला नसल्याचे सांगितले, तरी खाते परत मिळाले नाही. ईमेल, संपर्क, मुलाच्या पहिल्या वर्षाचे फोटो, सगळे त्याबरोबर गेले. वडिलांनी ते फोटो गूगलकडे पाठवायचे असे ठरवलेच नव्हते.

कंपन्यांना हे बटण बंद व्हावे असे वाटण्याचे कारणही फारसे नाही. गूगलने जून २०२१ पासून छायाचित्रांसाठीची अमर्याद मोफत जागा बंद केली. त्यानंतरचे फोटो जीमेलसह १५ जीबीच्या मोफत मर्यादेत मोजले जातात आणि ती भरली की नवे ईमेल येणेही अडते. आयक्लाउडची मोफत जागा २०११ पासून ५ जीबीच आहे. फोटो आपोआप चढत राहिले की जागा विकत घेण्याची वेळ आपोआप येते. ब्रिटनमधील 'विच?' या ग्राहक संघटनेने ग्राहकांना आयक्लाउडमध्ये अडकवून ठेवल्याचा आरोप करीत 'अ‍ॅपल'विरुद्ध नोव्हेंबर २०२४ मध्ये सुमारे तीन अब्ज पौंडांचा दावा जाहीर केला. 'अ‍ॅपल'ला हा आरोप मान्य नाही.

भारतातल्या नियमांचा मुख्य भाग अधिसूचनेनंतर अठरा महिन्यांनी, म्हणजे मे २०२७ मध्ये, लागू व्हायचा आहे. संमतीची विनंती इंग्रजीत किंवा राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतील भाषेत वाचण्याचा पर्याय कंपन्यांना द्यावा लागेल; मराठी त्यात आहेच. अठरा वर्षांखालील मुलांच्या माहितीसाठी पालकांची पडताळणी करता येईल अशी संमती लागेल. तोवर घरच्या घरी करण्यासारखे एकच काम आहे, ते म्हणजे टॅबवरचे पालकांचे खाते काढून तेथे मुलाचे स्वतंत्र खाते उघडणे. त्याआधी फोनमधल्या महत्त्वाच्या फोटोंची प्रत संगणकावर उतरवून घ्यावी. या सगळ्याला अर्धा-पाऊण तास लागतो आणि त्यातला बराचसा वेळ, टॅबवरचे गेम कोठे गेले, या प्रश्नाला उत्तर देण्यात जातो.