चौघांचा बिनशब्दांचा संसार

शब्दांवर पोट भरणाऱ्या माणसाला ज्या गाण्यात शब्दच नाहीत अशा गाण्याचे कसले कौतुक, असे वाचकांना वाटले तर त्यात गैर काही नाही. आमच्या घरीही तसेच वाटते. "गाणे सुरू केव्हा होणार?" असे सौभाग्यवतींनी विचारले, तेव्हा तिसरे गाणे संपत आले होते!

मंडळींचे नाव चमत्कारिक आहे : 'सिक्स्टीफाइव्ह डेज ऑफ स्टॅटिक'. रेडिओच्या दोन स्टेशनांमध्ये जी खरखर ऐकू येते ती स्टॅटिक. म्हणजे पासष्ट दिवसांची खरखर. गाव शेफील्ड, इंग्लंडातले पोलादाचे आणि सुऱ्याकात्र्यांचे. २००१ साली हा उद्योग सुरू झाला आणि पुढे जो श्रूज्बरी, पॉल वोलिन्स्की, रॉब जोन्स व सायमन राइट असे चौघे त्यात स्थिरावले. सायमन रेनॉल्ड्स या समीक्षकाने १९९४ साली रूढ केलेला 'पोस्ट-रॉक' हा शब्द यांना लावतात. गिटार, ढोल तेच; पण ते गायकाच्या साथीला नाहीत, कारण गायकच नाही. रॉब जोन्स हाताने ढोल बडवतो आणि त्याच वेळी यंत्रातून दुसरे, तुकडे तुकडे झालेले ठेके धावत असतात. त्या गदारोळातून एखादी पियानोची साधी चाल वर येते, अगदी पावसात छत्री उघडावी तशी. तराणा ऐकून डोलणाऱ्यांनी याला नाक मुरडू नये, असे मला वाटते.

हे मी मुद्दाम शोधून वाचले त्याला कारण घडले. माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याने बऱ्या पगाराची नोकरी सोडली आणि तिघा मित्रांसह असलेच संगीत करू लागला. एका रविवारी त्याचे वडील आमच्याकडे आले. चहा निवेपर्यंत काही बोलले नाहीत. मग एवढेच म्हणाले, "सर, निदान गात तरी असता, तर चार लोकांत सांगता आले असते." पोट भरेल का, हे त्यांनी तोंडाने विचारले नाही.

शेफील्डच्या मंडळींचा पहिला संग्रह 'द फॉल ऑफ मॅथ' २००४ साली एका लहानशा कंपनीने काढला. २००८ साली 'द क्युअर' या बड्या वाद्यवृंदाने त्यांना आपल्या दौऱ्यावर नेले. मुख्य कार्यक्रमाआधी, लोक अजून जागा शोधत असताना वाजवायचे. पण प्रेक्षागृहे मोठी. त्या वृंदाचा रॉबर्ट स्मिथ २०१० सालच्या त्यांच्या संग्रहात एका गाण्यापुरता गायलाही. इतर कोणी असता तर इथे गायक नेमून मोकळा झाला असता. यांनी तसे केले नाही. २०११ साली त्यांनी 'सायलेंट रनिंग' या १९७२ सालच्या चित्रपटाला नवे संगीत दिले. पृथ्वीवरची उरलीसुरली झाडे अंतराळयानात सांभाळणाऱ्या माणसाला ती नष्ट करण्याचा हुकूम येतो, अशी ती कथा. हे संगीत ध्वनिमुद्रित करण्यासाठी पैसा चाहत्यांच्या वर्गणीतून आला.

आणि मग आला तो संगणकावरचा खेळ, 'नो मॅन्स स्काय' (२०१६). त्यात ग्रह किती, तर अठरावर अठरा शून्ये! एवढ्या विश्वाला संगीत पुरवायचे कसे? खेळणारा एका ग्रहावर पाच मिनिटे थांबेल, नाही तर पाच तास. तेव्हा चौघांनी गाणी रचली, शिवाय त्यांचे तुकडे करून दिले आणि प्रसंग पाहून ते जुळवण्याचे काम यंत्राकडे सोपवले. रागाचे आरोह-अवरोह ठरलेले असतात, मांडणी गवयाची. इथे गवयाच्या जागी यंत्र. माझ्या मनाला ही अदलाबदल पुरती रुचत नाही. त्याच वर्षी निघालेल्या दुहेरी संग्रहात आदिअंत असलेली दहा गाणी आहेत, तीच मला अधिक प्रिय आहेत. पण तुकडे कोणते द्यायचे हे माणसांनीच ठरवले, हेही खरे.

विद्यार्थ्याच्या वडिलांना मी यातले निम्मे सांगितले. ते म्हणाले, "म्हणजे महिन्याचा पगार नाहीच." मी म्हटले, "नाही." त्यांनी विचारले, "मग वीस वर्षे चौघे एकत्र राहिले कसे?" याचे उत्तर माझ्यापाशी नव्हते. आमच्या विभागात चार प्राध्यापक एका वेळापत्रकावर एकत्र येत नाहीत.

२०१९च्या सुमारास या मंडळींनी वर्षभर दरमहा नवे संगीत वर्गणीदारांना धाडण्याचा क्रम धरला. २०२१ साली, साथीमुळे जलसे बंद असताना, त्यांनी न संपणारे संगीत प्रक्षेपित केले. जुन्या-नव्या तुकड्यांतून यंत्र ते रात्रंदिवस जुळवी, आणि ऐकणाऱ्यांपैकी काही जण दरमहा वर्गणी भरीत. त्यालाही त्यांनी नाव दिले ते भंगारावरूनच : 'रेकेज सिस्टिम्स'.